श्रावणात दारू सोडताना : मेंदूतील रसायने, पहिले पाच दिवस आणि घरच्यांची तयारी

आषाढातली दीप अमावस्या, जिला बोलीभाषेत गटारी म्हणतात, ती उलटली की महाराष्ट्रातील कितीतरी घरांत दारू एका रात्रीत बंद होते, कारण दुसऱ्या दिवसापासून श्रावण पाळायचा असतो. जो माणूस महिन्यातून दोनदा घेतो त्याला या बदलाचा काहीच त्रास होत नाही. परंतु जो दहा-बारा वर्षे रोज किमान एक क्वार्टर घेत आला आहे, त्याचे हात पहिल्याच सकाळी थरथरू लागतात, दुसऱ्या रात्री झोप उडते, आणि तिसऱ्या रात्री तो अंथरुणावरून नसलेल्या मुंग्या झटकताना दिसण्याची शक्यता असते. घरातला एक जण म्हणतो की हा मनाचा कच्चा आहे, दुसरा म्हणतो की याला बाहेरचे काही लागले आहे, आणि या वादात दवाखान्यात जाण्याचे महत्त्वाचे तास निघून जातात. प्रत्यक्षात जे घडत असते ते मेंदूतील काही रसायनांचे बिघडलेले गणित असते आणि त्याचे वेळापत्रक बऱ्यापैकी तासांच्या हिशेबाने सांगता येते.

म्हणून पहिली सूचना अशी की रोज पिणाऱ्या माणसाची दारू डॉक्टरांना न विचारता, घरच्या घरी, एका दिवसात बंद करू नये. दारू सोडण्याचा निर्णय चांगलाच आहे. मात्र तो अमलात कसा आणायचा, हे इच्छाशक्तीवर सोपवण्यासारखे नाही. पुढे औषधांची नावे येतील, परंतु त्यांच्या मात्रा मुद्दाम दिलेल्या नाहीत, कारण त्या माणसागणिक आणि यकृताच्या अवस्थेनुसार बदलतात.

आधी हिशेब करावा

‘थोडीशी घेतो’ या उत्तरावर डॉक्टरांना काहीही ठरवता येत नाही, त्यामुळे रोज पोटात जाणारे शुद्ध अल्कोहोल ग्रॅममध्ये काढून ठेवावे. बाटलीवर छापलेली टक्केवारी पाहावी, तिने मिलिलिटरला गुणून शंभराने भागावे आणि आलेल्या आकड्याला ०.७९ ने गुणावे. आपल्याकडच्या व्हिस्की-रमच्या बाटलीवर सहसा ४२.८ टक्के असे लिहिलेले असते. त्या हिशेबाने १८० मिलिलिटरच्या क्वार्टरमध्ये सुमारे ६० ग्रॅम अल्कोहोल असते, आणि आठ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरच्या ६५० मिलिलिटरच्या बाटलीत सुमारे ४१ ग्रॅम. ‘मी फक्त बिअर पितो’ असे सांगून दोन बाटल्या रिचवणारा माणूस क्वार्टरवाल्याच्या पुढे गेलेला असतो, हे या गुणाकारातून दिसते.

सर्वसाधारण माणसाचे यकृत तासाला सात ते दहा ग्रॅम अल्कोहोल जाळते, म्हणजे रात्री नऊ ते अकरा या वेळेत घेतलेली क्वार्टर पहाटेपर्यंत बहुतेक संपलेली असते. सकाळी चहाचा कप धरताना हात का थरथरतात आणि एक घोट घेतल्यावर ते का थांबतात, याचे उत्तर येथेच आहे : त्या माणसाचा मेंदू रोज सकाळी दारू सुटल्याची छोटी आवृत्ती अनुभवत असतो. सकाळचा पेग लागणे ही म्हणूनच फार महत्त्वाची खूण आहे. ती दिसत असेल, किंवा पूर्वी दारू सोडताना कधी फिट आली असेल, बडबड-भास झाले असतील, यकृताचा वा हृदयाचा आजार असेल, वय साठीच्या पुढे असेल, झोपेच्या गोळ्यांचीही सवय असेल, तर अशा व्यक्तीची दारू रुग्णालयात किंवा व्यसनमुक्ती केंद्रात दाखल होऊनच सोडवावी. घरी प्रयत्न करून पाहू, असे येथे म्हणू नये.

मेंदूत नेमके काय बदलते

मेंदूतील पेशी एकमेकींशी रसायनांच्या साह्याने बोलतात. त्यांपैकी गाबा हे रसायन पेशींना शांत करते आणि ग्लुटामेट त्यांना उत्तेजित करते. निरोगी मेंदूत या दोघांची रस्सीखेच सतत चालू असते आणि दोर जवळजवळ मध्यावर राहतो. दारू ही गाबाच्या बाजूने दोर ओढणारी बाहेरची व्यक्ती आहे असे समजावे. ती गाबाच्या रिसेप्टरवर, म्हणजे पेशीच्या पृष्ठभागावरील त्याच्या कुलपावर, काम करून क्लोराइडचे अधिक आयन, म्हणजे विद्युतभारित कण, पेशीत शिरू देते आणि पेशी सुस्तावते. त्याच वेळी ती ग्लुटामेटच्या एनएमडीए नावाच्या रिसेप्टरला दाबून धरते. पहिल्या पेगची सैलावलेली मोकळीक, तिसऱ्या-चौथ्या पेगनंतर अडखळणारी जीभ आणि फार झाल्यावर रात्रीचे काहीच न आठवणे, हे सारे या दुहेरी ओढीतून येते. नवीन आठवणी नोंदवण्यासाठी एनएमडीए रिसेप्टर लागतात, आणि तेच दाबलेले असतात.

हे रोज घडू लागले की मेंदू स्वस्थ बसत नाही. दोर पुन्हा मध्यावर आणण्यासाठी तो गाबाच्या रिसेप्टरची रचना बदलतो, त्यांची संवेदनशीलता कमी करतो, आणि एनएमडीए रिसेप्टरची संख्या व ताकद वाढवतो. आता त्याच क्वार्टरने पूर्वीसारखी नशा येत नाही, आणि ‘याला चढतच नाही’ असे मित्रमंडळी कौतुकाने म्हणू लागतात. ते कौतुक करण्यासारखे मुळीच नाही, कारण न चढणे हा मेंदूने स्वतःला दारूभोवती नव्याने बांधून घेतल्याचा पुरावा आहे. अशा अवस्थेत दारू अचानक काढून घेतली की बाहेरचा ओढणारा दोर सोडून निघून जातो. गाबाची बाजू आधीच दुबळी झालेली असते, ग्लुटामेटच्या बाजूला मात्र जादा माणसे उभी असतात. दोर एका झटक्यात दुसऱ्या टोकाला जातो. दारूने जे जे दाबले होते ते ते आता उसळते : शांतीऐवजी धास्ती, झोपेऐवजी जागरण, सैल स्नायूंऐवजी थरथर, आणि टोकाला गेल्यास आकडी.

मेंदूच्या बुंध्यात नॉरअॅड्रेनलिन तयार करणारा पेशींचा एक छोटा पुंजका असतो. गाबाचा लगाम सुटल्यावर तोही सैरावैरा काम करू लागतो आणि त्यामुळे घाम, छातीत धडधड, वाढलेला रक्तदाब व ताप दिसतो. मॅग्नेशियमचा भागही येथे लक्षात घ्यावा. एनएमडीए रिसेप्टरच्या वाटेत मॅग्नेशियमचा आयन बुचासारखा बसलेला असतो, आणि वर्षानुवर्षे पिणाऱ्यांच्या शरीरात नेमके हेच खनिज अनेकदा कमी झालेले असते. रक्ततपासणीत डॉक्टर मॅग्नेशियम पाहतात ते त्यासाठी.

हे सारे दारू सुटल्यामुळे होते की कुपोषणामुळे, यावर वैद्यकात दीर्घकाळ मतभेद होते. थॉमस सटन या इंग्रज वैद्याने १८१३ साली या भ्रमाला डिलिरियम ट्रेमेन्स हे नाव दिले, परंतु कारणाचा निकाल लागायला विसावे शतक अर्धे उलटावे लागले. हॅरिस इस्बेल यांनी अमेरिकेत केंटकी राज्यातील लेक्सिंग्टन येथे काही स्वयंसेवकांना उत्तम आहार व जीवनसत्त्वे देऊन रोज दारू पाजली. त्यांतील सहा जण ४८ ते ८७ दिवस पीत राहिले, आणि बंद केल्यावर त्यांच्यातल्या काहींना आकडी आली, काहींना भ्रम झाला. १९५५ साली प्रसिद्ध झालेला हा प्रयोग आजच्या नीतिनियमांत कदापि बसणार नाही. तथापि पोटभर जेवणाऱ्या माणसालाही दारू सुटल्याचा आघात होतो, हे त्याने सिद्ध केले. ‘आमच्याकडे खाण्यापिण्याची आबाळ नाही, त्यामुळे काही होणार नाही’, या समजुतीला तेव्हापासून आधार उरलेला नाही.

घड्याळ शेवटच्या घोटापासून लावावे

शेवटचा पेग किती वाजता घेतला, हे कागदावर लिहून ठेवावे. साधारणपणे सहा ते बारा तासांत थरथर, घाम, मळमळ, चिडचिड आणि डोकेदुखी सुरू होते. शेवटच्या पेगनंतर बारा ते चोवीस तासांत काहींना आवाज ऐकू येतात किंवा आकृत्या दिसतात, परंतु आपण कोठे आहोत आणि आज कोणता वार आहे याचे भान तोवर शाबूत असते. फिट येण्याचा धोका सहा ते अठ्ठेचाळीस तासांच्या दरम्यान सर्वाधिक असतो. त्यानंतर, म्हणजे दुसरा दिवस संपून तिसरा सुरू होताना, डिलिरियम ट्रेमेन्सची वेळ येते. रुग्णालयांत त्याला नुसते ‘डी. टी.’ म्हणतात.

डी. टी. मध्ये भान हरपते. माणूस घरालाच स्टेशन समजतो, बायकोला ओळखत नाही, अंगावर किडे चढत असल्यासारखे हात झटकतो, आणि कधी कधी आपल्या धंद्याच्याच हालचाली हवेत करू लागतो. रिक्षा चालवणारा हँडल धरल्यासारखी मूठ वळवतो, शिंपी नसलेल्या सुईत दोरा ओवतो. अंगात ताप असतो, नाडी धावत असते. उपचार न मिळाल्यास यातील अनेक रुग्ण पूर्वी दगावत असत. योग्य वेळी दाखल केल्यास आज बहुसंख्य वाचतात. दारू सोडणाऱ्या सर्वांनाच हे होत नाही, थोड्यांनाच होते. परंतु तिसऱ्या दिवशी आलेल्या भ्रमाला अंगारा-धुपारा लावत बसण्याची चूक ज्या घरांत होते, त्या घरांना या दिलाशाचा काही उपयोग नसतो.

दोन गोष्टींनी लोक फसतात. एक म्हणजे तोंडाला अजून दारूचा वास येतो आहे, मग हा विथड्रॉल, म्हणजे दारू सुटल्याचा त्रास, कसा, हा प्रश्न. अति पिणाऱ्यांमध्ये रक्तातील दारू शून्यावर येण्याआधी, नुसती पातळी उतरू लागली तरी, लक्षणे सुरू होऊ शकतात. दुसरी गोष्ट अधिक घातक आहे. रोज पिणारा माणूस दुचाकीवरून पडतो, मांडीचे हाड मोडते, शस्त्रक्रियेसाठी दाखल होतो, आणि ‘दारू घेतात का’ या प्रश्नावर घरचे लोक लाजेने ‘कधीतरी, लग्नकार्यात’ असे उत्तर देतात. तिसऱ्या दिवशी तो सलाइन उपटून वॉर्डात धावू लागतो आणि सगळे जण भुलीच्या औषधाला दोष देतात. दाखल होतानाच खरे प्रमाण सांगितले असते तर हा प्रसंग बहुधा टाळता आला असता. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीने दारूची दुकाने रातोरात बंद झाली, तेव्हा बंगळुरूसारख्या शहरांतील रुग्णालयांत विथड्रॉलचे गंभीर रुग्ण वाढल्याची नोंद झाली. दारू का बंद झाली, व्रतामुळे, अपघातामुळे की सरकारी आदेशामुळे, याच्याशी मेंदूला काही देणेघेणे नसते.

डॉक्टर काय देतात, आणि घरी काय करावे

या अवस्थेवरचे मुख्य औषध क्लोरडायझेपॉक्साइड किंवा त्याच गटातील दुसरे एखादे असते. ते गाबाच्या त्याच रिसेप्टरवर, परंतु वेगळ्या जागी काम करते आणि शरीरात दीर्घकाळ टिकते. म्हणजे दारूने सोडलेला दोर ते काही दिवस धरून ठेवते, आणि मग मात्रा रोज थोडी उतरवत मेंदूला स्वतःचे बळ परत मिळवू देते. यकृत फार बिघडलेले असल्यास डॉक्टर सहसा लोराझेपाम निवडतात. अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांत १९६९ साली ५३७ रुग्णांवर झालेल्या तुलनेत फिट आणि भ्रम टाळण्यात क्लोरडायझेपॉक्साइड सरस ठरले होते. या गोळ्या दारूसोबत घेतल्यास श्वास मंदावून जीव जाऊ शकतो, आणि दीर्घकाळ घेतल्यास त्यांचीही सवय लागते. म्हणून शेजाऱ्याकडची उरलेली पट्टी वापरू नये, आणि गोळ्यांची पाकिटे रुग्णाच्या हाती न देता घरातील एका जबाबदार माणसाने वेळेवर मोजून द्यावीत.

दुसरे औषध थायमिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व. दारू आतड्यातून त्याचे शोषण रोखते, आणि शरीरातला साठा काही आठवड्यांतच संपतो. मेंदूला साखर जाळण्यासाठी ते लागते. ते नसताना नुसते ग्लुकोज चढवले तर उरलेसुरले थायमिनही खर्च होते आणि डोळ्यांची हालचाल बिघडणे, तोल जाणे व गोंधळणे अशी वेर्निके या जर्मन वैद्याने १८८१ साली वर्णिलेली अवस्था ओढवू शकते, तिच्यातून पुढे स्मृती कायमची अधू होऊ शकते. ‘अशक्तपणा आहे, एक बाटली लावा’ असे डॉक्टरांना सांगण्याऐवजी ‘हे रोज पितात, थायमिन द्यायचे आहे का’ असे विचारावे. तोंडाने घेतलेली गोळी सुरुवातीला पुरेशी शोषली जात नसल्याने ते अनेकदा इंजेक्शनने देतात.

डॉक्टरांनी घरी सोडवण्यास संमती दिली असेल तर पहिले चार-पाच दिवस एक माणूस रात्रंदिवस जवळ हवा. खोलीत मंद दिवा ठेवावा, कारण अंधारात भास वाढतात. पाहुण्यांची वर्दळ आणि उपदेश दोन्ही टाळावेत. पाणी, ताक, पेज, ओआरएस थोडे थोडे देत राहावे. चहा-कॉफीने धडधड वाढते, ती कमी करावी. श्रावणातले कडक उपवास या आठवड्यात करू देऊ नयेत, रिकाम्या पोटी रक्तातील साखर उतरू शकते. दर चार तासांनी हात समोर ताठ धरायला लावून थरथर पाहावी, नाडी मोजावी, ताप पाहावा, आणि सहज बोलता बोलता आज वार कोणता, आपण कोठे आहोत, हे विचारावे. नाडी वाढत चालली, ताप आला, उलट्यांमुळे गोळी टिकेना, चालताना तोल जाऊ लागला, उत्तरे चुकू लागली किंवा एकदाही फिट आली, तर थांबू नये. १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी. फिट आल्यास कुशीवर वळवावे, आजूबाजूच्या टणक वस्तू दूर कराव्यात, तोंडात चमचा घालू नये, नाकाशी कांदा किंवा चप्पल धरून वेळ दवडू नये.

डॉक्टरांची वेळ दोन दिवसांनी मिळणार असेल तर मधल्या काळात काय करायचे, हा प्रश्न घरच्यांना अवघड जातो. बाटली फेकून देण्याची इच्छा होणे स्वाभाविक आहे. परंतु ज्याला सकाळचा पेग लागतो त्याची दारू त्या दोन दिवसांत एकदम तोडण्यापेक्षा नेहमीचे प्रमाण न वाढवता चालू ठेवून त्याला दवाखान्यात नेणे अधिक सुरक्षित असते. लक्षणे आधीच सुरू झाली असतील तर मात्र वेळेची वाट न पाहता थेट रुग्णालय गाठावे.

थरथर थांबल्यानंतर

आठवड्याभरात हात स्थिर होतात आणि घरचे लोक सुटकेचा निःश्वास टाकतात, मात्र रसायनांचे काम एवढ्यात संपत नाही. दारू मेंदूतील बक्षिसाच्या केंद्रात डोपामिन हे गोडी लावणारे रसायन वाढवते आणि एंडॉर्फिन हे सुखद वाटवणारे रसायनही सोडवते. वर्षानुवर्षे हे घडल्यावर डोपामिनचे काही रिसेप्टर कमी होतात, आणि त्यामुळे सुरुवातीच्या काही आठवड्यांत, कधी काही महिन्यांत, जेवण, क्रिकेट, मुलांचे बोलणे, कशातच गोडी वाटत नाही. झोप तुटक राहते. मेंदूतील ताणाची यंत्रणा क्षुल्लक कारणानेही पेटते. या काळातील चिडचिडेपणाला ‘दारू सोडली तरी स्वभाव काही सुधारला नाही’ असे म्हणणे अन्यायाचे आहे, आणि तलफ परत येण्याचे ते एक हमखास निमित्तही ठरते.

तलफ आटोक्यात ठेवण्यासाठी नाल्ट्रेक्सोन हे औषध दारूतून मिळणाऱ्या एंडॉर्फिनच्या सुखाची वाट अडवते, आणि अॅकॅम्प्रोसेट ग्लुटामेटचा उरलेला क्षोभ शमवण्यास मदत करते. डायसल्फिरामची गोष्ट वेगळी आहे. कोपनहेगनमध्ये १९४८ च्या सुमारास उपयोगात आलेले हे औषध मेंदूवर नव्हे तर दारूपासून शरीरात तयार होणारे अॅसिटाल्डिहाइड जाळणाऱ्या विकरावर (एन्झाइमवर) काम करते, त्यामुळे ते घेतलेल्या माणसाने दारू प्यायल्यास विषारी अॅसिटाल्डिहाइड साचून चेहरा लाल होतो, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. ‘पेशंटला न कळता दारू सोडवा’ अशा जाहिरातींतील पुड्यांमध्ये काय असते हे कोणालाच माहीत नसते, आणि डाळीत कालवून असे काही देणे म्हणजे आपल्याच माणसावर विषप्रयोगाचा धोका पत्करणे आहे. डायसल्फिराम रुग्णाला सांगून, त्याच्या संमतीने आणि हृदय-यकृताची तपासणी करूनच दिले जाते, आणि गोळी थांबवल्यानंतरही त्याचा परिणाम दोन आठवड्यांपर्यंत टिकू शकतो.

आता पुन्हा श्रावणाकडे. दरवर्षी एक महिना बंद करून गणपती उठताच पुन्हा रोज सुरू करणाऱ्यांना वाटते की आपला ताबा शाबूत आहे. बॅलेंजर आणि पोस्ट या संशोधकांनी १९७८ साली मांडलेले निरीक्षण याच्या उलट जाते : दारू सोडण्याचा प्रत्येक आघात मेंदूला पुढच्या आघातासाठी अधिक ज्वालाग्राही करून ठेवतो, आणि पहिल्या वेळी नुसती थरथर झालेल्या माणसाला चौथ्या-पाचव्या वेळी फिट येऊ शकते. ‘मागच्या वर्षी काही झाले नव्हते’, हा दिलासा म्हणूनच खोटा आहे. माझ्या मते अशा माणसाने श्रावण पाळूच नये असे नाही. त्याने आषाढातच डॉक्टरांना भेटावे आणि महिन्यासाठी नव्हे, तर परत सुरू न करण्याच्या हिशेबाने सोडावी. पुण्यात १९८६ पासून काम करणारे मुक्तांगण, जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभाग, टेलि-मानसचा १४४१६ हा विनामूल्य क्रमांक किंवा व्यसनमुक्तीची १४४४६ ही राष्ट्रीय हेल्पलाइन, यांपैकी कोठूनही सुरुवात करता येते.

जाताना एक चिठ्ठी सोबत न्यावी. तिच्यावर रोजचे प्रमाण ग्रॅममध्ये, किती वर्षांपासून, सकाळी लागते की नाही, शेवटचा घोट कोणत्या तारखेला व किती वाजता, यापूर्वी किती वेळा सोडली आणि तेव्हा काय काय झाले, चालू असलेली सर्व औषधे, आणि कावीळ, फिट किंवा डोक्याला मार लागल्याचा इतिहास, एवढे लिहिलेले असावे. रुग्ण बोलण्याच्या स्थितीत नसेल आणि सोबतच्या माणसाला लाज वाटत असेल, तर ती चिठ्ठी काही न बोलता डॉक्टरांसमोर ठेवावी.